भुशातला बर्फ

लहानपणी रमजान उन्हाळ्यात आला, की इफ्तारीच्या सरबतासाठी बर्फ आणायचं काम माझ्याकडे असे. बर्फवाला गोणपाट बाजूला सारून लाकडाच्या भुशात पुरलेली लादी काढी. टोच्याचे दोन घाव, की लादी दुभंगलीच. भुशामुळे बर्फ लवकर वितळत नाही, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. तोच भुसा बर्फाच्या आत घातला तर बर्फ सहजी फुटतही नाही, हे फार उशिरा वाचनात आलं. मित्रहो, ती हकिगत दुसऱ्या महायुद्धातली आहे.

१९४२ साली जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. महासागराच्या मधल्या पट्ट्यापर्यंत किनाऱ्यावरची विमानं पोहोचत नव्हती आणि पोलादाची टंचाई होती. तेव्हा जेफ्री पाइक या विक्षिप्त इंग्रजानं सुचवलं, विमानं उतरतील असं बर्फाचंच जहाज बांधू या! लांबी दोन हजार फूट, भिंती चाळीस फूट जाड. त्याचे वरिष्ठ लॉर्ड माउंटबॅटन, पुढे आपल्याकडे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आले तेच.

साध्या बर्फाला एक तडा गेला की तो आरपार धावतो. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी पाण्यात लाकडाचा लगदा कालवून गोठवला. शंभरात चौदा भाग लगदा, बाकी पाणी. तडा धावत आला की लाकडाचे तंतू त्याला आडवे येतात. आपण भिंतीच्या मातीत भुसकट कालवतो, त्यातलंच हे शहाणपण. या मिश्रणाचं नाव पडलं पाइक्रीट.

ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेकच्या परिषदेत माउंटबॅटननी सेनापतींसमोर पिस्तूल काढलं. साध्या बर्फाच्या ठोकळ्याच्या ठिकऱ्या उडाल्या. पाइक्रीटवरून मात्र गोळी उसळली आणि मंडळींच्या पायांजवळून गेली.

पण गोळीचा घाव क्षणाचा, जहाजाचा भार रात्रंदिवसाचा. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात मॅक्स पेरुट्झ प्रयोग करत होते. (१९४० मध्ये याच पेरुट्झना ब्रिटिशांनी शत्रुदेशाचा नागरिक म्हणून डांबलं होतं. १९६२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) थंडी जरा कमी झाली, की तंतूंना धरून ठेवणारा बर्फच नरम पडे आणि पाइक्रीट हिमनदीसारखं हळूहळू ओघळू लागे. जहाज शून्याखाली सुमारे १६ अंशांवर राखायला हवं होतं. म्हणजे शीतयंत्रं आणि नळ्यांचं जाळं, म्हणजे पुन्हा पोलाद!

आजच्या काचतंतूंच्या वस्तूंनाही हे चुकलेलं नाही. तंतूंना धरणारी राळ उष्णतेत मऊ पडते, कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते. घाव सोसण्याची एकाच वस्तूची ताकद हवेप्रमाणे बदलते.

१९४३ अखेर लांब पल्ल्याची विमानं आली, पोर्तुगालनं अझोर्स बेटांवर तळ दिला, आणि जहाजाची गरजच संपली. कॅनडातल्या पॅट्रिशिया सरोवरात साठ फुटांचा एक नमुना तेवढा बांधून झाला होता. तो बांधणारे मजूर धर्मश्रद्धेपोटी बंदूक नाकारलेले तरुण होते. आपण काय बांधतोय, हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. पुढे बर्फ वितळला. नळ्या अजून सरोवराच्या तळाशी आहेत.