सोन्याच्या खाणीतले अदृश्य पीक

न्यूट्रिनो नावाचा कण मोठा अलिप्त. त्याला विद्युतभार नाही, वजन नसल्यासारखेच. अब्जावधी न्यूट्रिनो या क्षणी तुमच्या-माझ्या अंगातून आरपार जात आहेत. त्यातला एखादा कुठे अडखळला, तरच शास्त्रज्ञांना दिसतो.

१९६५ साली कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत तो असा दिसला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ, जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह, दोन किलोमीटरहून खोल उपकरणे मांडून बसले होते. एवढे खोल अशासाठी, की वरचा खडक इतर कण गाळून टाकतो. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम टिपणाऱ्या दोन प्रयोगांपैकी हा एक. पण ही आपल्या वऱ्हाडासारखी कोरडवाहू शेती. आभाळातून पडेल तेवढेच पदरात.

ओलिताची सोय म्हणजे कणत्वरक. १९६२ मध्येच अमेरिकेत ब्रुकहेवनला वेगवान प्रोटॉन धातूवर आदळवून न्यूट्रिनो तयार केले गेले होते. उगवण कमी असली की शेतकरी एकरी बियाणे वाढवतो. इथे प्रोटॉन वाढवावे लागतात. शिकागोजवळच्या फर्मीलॅबने आपल्या जुन्या रेषीय त्वरकाची ऊर्जा १९९३ मध्ये दुप्पट करून ४० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टवर नेली. आता त्याच्या जागी ८० कोटींचा नवा, सुमारे २१५ मीटर लांबीचा त्वरक उभा राहत आहे. त्यातल्या नायोबियम धातूच्या पोकळ्या उणे २७१ अंशांपर्यंत थंड ठेवाव्या लागतात. त्यांना रेडिओलहरींची शक्ती पुरवणारे प्रवर्धक ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि इंदूरच्या संस्थेने घडवले आहेत. या सहकार्याचा करार एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत झाला.

तिथले न्यूट्रिनो जमिनीखालून १३०० किलोमीटर जाणार, म्हणजे अकोल्याहून रेल्वेने मुंबईला जाऊन परत येण्यापेक्षाही लांब. त्यांना बोगदा लागत नाही. पोचणार कुठे, तर साउथ डकोटातल्या होमस्टेकला. तीही सोन्याची बंद पडलेली खाण!

आपली यंत्रे परमुलखात जातात याचे मला वाईट वाटत नाही. ती घडवताना कमावलेली विद्या इथेच राहते. खंत आहे ती थेनीची. तमिळनाडूतल्या या जिल्ह्यात डोंगराच्या पोटात भारताची स्वतःची न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. २०१५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तिथल्या लोकांना डोंगराची, जंगलाची काळजी वाटली. ती खोटी म्हणवत नाही. पण त्यांची समजूत घालायला कोलारचा वारसा सांगणारे फार उशिरा पोचले, असे मला वाटते. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोध नोंदवला. पन्नास हजार टन लोखंडाचा तो शोधक अजून कागदावरच आहे.