कुंपणातली शिकार आणि मोकळ्या रानातली शिकार

रायपूरच्या भनपुरीहून बिलासपूरचा रस्ता धरला की कारखान्यांची धुरांडी मागे पडतात. त्याच दिशेला, बिलासपूरच्याही बऱ्याच पलीकडे, पूर्वीच्या कोरिया संस्थानातील सालवृक्षांची अरण्ये आहेत. १९४७ साली तेथील महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्या रानाला कुंपण नव्हते आणि ते चित्ते कोणीही पाळलेले नव्हते. तरीही त्या रात्री त्यांना निसटण्याची संधी होती, असे म्हणता येईल काय?

शिकारीच्या जगात एक वाद आजही चालू आहे: उंच कुंपणाच्या आत राखलेले जनावर मारावे, की मोकळ्या रानातले? हा वाद परदेशी वाटतो. परंतु त्याची एक जुनी मांडणी आपल्याकडेही आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या विहारासाठी एक मृगवन सांगितले आहे. त्याला एकच द्वार असावे, भोवती खंदक असावा, झाडे काटेरी नसावीत आणि आतील हिंस्र श्वापदांची नखे व दात मोडलेले असावेत. याहून परिपूर्ण बंदिस्त शिकार आजही कोणी योजू शकणार नाही. त्याच ठिकाणी दुसऱ्या एका वनाचाही उल्लेख येतो. त्यात सर्व प्राण्यांना अतिथीप्रमाणे आश्रय असतो. म्हणजे राजाच्या करमणुकीचे रान वेगळे आणि प्राण्यांच्या अभयाचे रान वेगळे, हा भेद ग्रंथकाराला ठाऊक होता.

मोगलांनी कुंपण माणसांचे केले. ‘कमरगाह’ या पद्धतीत हजारो हाकारे विस्तीर्ण प्रदेशाला वेढा घालीत आणि दिवसेंदिवस तो आवळत नेत. अकबराने १५६७ मध्ये लाहोरजवळ अशी प्रचंड शिकार केली. १५७८ मध्ये मात्र भेऱ्याजवळ भरत आलेला असाच वेढा त्याने अचानक सोडून दिला आणि अडकलेली जनावरे वाचली.

कोल्हापूर संस्थानातील प्रथा याच्या उलट टोकाची. तेथे चित्तेवान डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर नेत आणि काळवीट दिसताच टोपी काढून त्याला सोडीत. धाव काही शे मीटरची असे. तेवढ्यात काळवीट हाती लागले नाही तर ते सुटले. शिकारीचा हा प्रकार न्याय्य भासतो. परंतु चित्ता बंदिवासात सहसा वीत नाही. जहांगीराने आपल्या काळातील अशी एकमेव वीण नवल म्हणून नोंदवली आहे. त्यामुळे शिकारखान्यातील जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला असे. शेवटी रान रिते झाले आणि विसाव्या शतकात कोल्हापूरला आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. काळविटाला पळण्याची संधी देणाऱ्या या खेळाने चित्त्याच्या जातीला मात्र ती दिली नाही.

आधुनिक उंच कुंपणामागे कायदा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९१ च्या कायद्याने पुरेशा कुंपणात राखलेल्या वन्य प्राण्यावर जमीनमालकाचा हक्क मान्य केला. रानातले जनावर कोणाचेच नसते. तारेच्या आतले जनावर मालमत्ता होते. मालमत्ता जपली जाते, म्हणून अनेक शेतजमिनींवर वन्यजीव परतले. पण त्याच वाटेने पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांची शिकारही आली. उलटपक्षी, अमेरिकेतील १८८७ मध्ये स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब निसटणे अशक्य असलेल्या कुंपणातील जनावराची नोंद आपल्या विक्रमांत घेत नाही.

आता थोडे गणित करू. बाजू १ किलोमीटर असलेल्या चौकोनात ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे हरिण एका मिनिटात पलीकडच्या तारेला भिडते. बाजू १० किलोमीटर केली, तर कुंपण दहापट लागते आणि क्षेत्र शंभरपट मिळते. अशा विस्तारात जनावराला तार कदाचित दिवसभर दिसणारही नाही. तेव्हा केवळ ‘कुंपण आहे’ एवढ्याने काही ठरत नाही. ते किती दूर आहे, हेही विचारावे लागते.

दुसरे गणित बंदुकीचे. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी २०० मीटरवरील लक्ष्य सुमारे पाव सेकंदात गाठते. बारचा आवाज तेथे पोहोचायला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. आवाज ऐकून पळणे जनावराला शक्यच नसते. त्यावर मोटार आणि रात्रीचा दिवा यांची भर पडली, की मोकळ्या रानातही अदृश्य कुंपण उभे राहते. कोरियात हेच घडले. ते तिन्ही नर रात्री मोटारीतून दिसले व तेथेच टिपले गेले. ही हकीकत मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली, तेव्हा तिची नोंद घेताना संपादकांनी कठोर शब्दांत निषेध केला.

म्हणून निवड खरी तार आणि मोकळीक यांत नाही. कसोटी दुहेरी आहे: त्या एका जनावराला निसटण्याची शक्यता किती, आणि त्याच्या जातीला टिकण्याची शक्यता किती? मृगवन पहिल्या कसोटीत नापास होते, कोल्हापूरचा माळ दुसरीत, आणि कोरियाची ती रात्र दोन्हींत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर करमणुकीची शिकार क्रमाक्रमाने संपली. कुंपण मात्र संरक्षणाच्या रूपाने परतले आहे. छत्तीसगडचा राज्यपशू असलेल्या रानम्हशीचा वंश टिकावा म्हणून आसामच्या मानसमधून आणलेल्या रानम्हशी बारनवापाऱ्यात कुंपणाआड ठेवल्या गेल्या. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून कुनोत आलेले आठ चित्तेही प्रथम तारेच्या आतच उतरले, आणि त्यांना मोकळे सोडावे की कुंपणात राखावे यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. बंदूक गेली, तरी प्रश्न तोच राहिला. कुंपणाच्या बाजूने वा विरुद्ध मत देण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी ते केवढे आहे, किती काळासाठी आहे आणि त्याचे दार कोणत्या दिवशी उघडणार आहे, हे विचारावे.