टिळकांची वाटणी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी पुण्यातल्या काव्यरसिकांत एक मत ठाण मांडून बसले आहे. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ते थोर. पण 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पाद्री झाले आणि कविता प्रचाराला जुंपली गेली. म्हणजे कवी आपला, रेव्हरंड चर्चचा! वाटणी सोयीची आहे. तारखांपुढे मात्र ती टिकत नाही.

1907 साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यात पुढाकार टिळकांचा. तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन बारा वर्षे झाली होती, पाळकपदाची दीक्षा मिळून तीन. तिथेच ठोंबरे ‘बालकवी’ ठरले आणि पुढे अहमदनगरला टिळकांच्याच घरी राहिले. त्या घरात प्रचाराखेरीज काही नसते, तर बालकवींची निसर्गकविता इतकी निखळ राहिली असती काय?

पूर्वपक्ष म्हणेल, भजनांचे काय? काही भजने उपदेशाने जड झाली आहेत, हे खरेच. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या या कवीने इंग्रजी चालींवर गाणाऱ्या मराठी चर्चला अभंग दिला. देहूचे ऋण इतक्या उघडपणे मानणाऱ्याला मराठी परंपरेबाहेरचा कसा म्हणायचे?

या मताचे मूळ मला काव्यसमीक्षेत दिसत नाही. ते ग्रामण्यात, म्हणजे जातीबाहेर टाकण्याच्या प्रथेत, दिसते. 1890 मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहावरून याच शहराने न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्यांनाही सोडले नव्हते. मग बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मण कवीची काय कथा?

याउलट, लिथुएनियात टिळकांचा समकालीन कवी मायरोनिस (1862–1932) कॅथलिक धर्मगुरू होता. त्याचा गाजलेला संग्रह ‘वसंताचे स्वर’ 1895 चाच. त्या देशाने त्याला पाद्र्याच्या झग्यासकट राष्ट्रकवी मानले.

आणि मिशनचा पगारी प्रचारक म्हणावे, तर 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. 9 मे 1919 ला ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. त्याचा बहुतेक भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण आवडीने वाचतो. त्याच कपाटात टिळकांची ‘अभंगांजली’ही ठेवा, आणि वाचून मग काय ते ठरवा.