घाटपायथ्याची ब्रेकदुरुस्ती

ठाणे आणि कल्याण यांच्या इतिहासात बंदरे आहेत, किल्ले आहेत, 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आलेली आगगाडी आहे. परंतु आग्रा रस्त्याच्या कडेने वाढलेल्या मोटारदुरुस्तीच्या धंद्याची दखल त्यात क्वचितच घेतलेली आढळते. वस्तुतः या धंद्याची भूमी निसर्गानेच सिद्ध करून ठेवली होती. नाशिकहून येणारा रस्ता इगतपुरीपुढे सह्याद्रीचा माथा सोडून थळघाटाने कसाऱ्यास उतरतो आणि शहापूर, भिवंडी मागे टाकून ठाण्यात शिरतो. माळशेज उतरणारा दुसरा रस्ता मुरबाडवरून थेट कल्याणास येतो. घाट उतरून आलेल्या आणि आता मुंबईच्या गर्दीत शिरू पाहणाऱ्या वाहनाची पहिली चौकशी इंजिनाची नव्हे, तर ब्रेकची व्हावी, हे क्रमप्राप्तच होय.

पायाच्या दाबाने नळ्यांतील द्रव ढकलून चारही चाके एकदम आवळण्याची युक्ती माल्कम लॉकहीड याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत सिद्ध केली. 1921 मध्ये ड्यूसेनबर्गने आणि 1924 मध्ये क्रायस्लरने ती आपल्या मोटारींत योजिली. या योजनेतील सारा कारभार ज्या एका भांड्याच्या हाती असतो, ते मास्टर सिलिंडर होय. आणि त्यातील रबरी कप झिजला की चारही चाकांवरचा अंमल एकदम ढिला पडतो. पुढे दोन स्वतंत्र खाने असलेला सिलिंडर प्रचारात येऊन हा धोका बराच कमी झाला. परंतु आपल्या रस्त्यांवर एकखानी सिलिंडर दीर्घकाळ चालत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्कराच्या विस्तीर्ण छावण्या होत्या. फाळणीनंतर त्याच छावण्यांत सिंधी निर्वासितांची वस्ती होऊन 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. युद्ध संपल्यावर सरकारने देशभर विक्रीस काढलेल्या जीपगाड्या खाजगी हाती आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची खोडही आली. जीपचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, तळपत्र्याच्या खाली चासीला जखडलेला असे. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात चिखलपाणी नेमके तेथेच उडे. ब्रेक ऑइलचा स्वभाव हवेतील ओल शोषून घेण्याचा. त्यामुळे बाहेरून पाणी आणि आतून दमटपणा अशा दुहेरी माऱ्याने सिलिंडरच्या भिंतीस गंजाचे खड्डे पडत, आणि त्या खड्ड्यांवर घासून कपाची कड फाटे.

याच सुमारास आग्रा रस्त्यावरच, कुर्ल्यास, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, केवळ आयात भाग जोडून गाड्या विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथील दारे बंद झाली. 1928 पासून शिवडीस जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये काम थांबविले. ज्या गाड्या मागे राहिल्या त्यांच्या सुट्या भागांची आयात दुर्मिळ, आणि प्रीमियरची नवी फियाट हवी तर वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. अशा काळात गळका सिलिंडर फेकून देणे ही उधळपट्टीच ठरली असती. आणि या टंचाईनेच दुरुस्तीस कलेची पायरी गाठून दिली.

ती कला जवळून पाहण्याजोगी आहे. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली बसू लागले, पण बाहेर थेंबही दिसला नाही, तर मिस्त्री ओळखतो की ऑइल कपाला बगल देऊन आतल्या आत परत फिरते आहे. पुश रॉडचा रबरी बूट ओला लागला तर मागचा कप गेला. सिलिंडर उतरवून, सर्कलिप काढून पिस्टन, कप आणि स्प्रिंग क्रमाने मांडायचे. धुवायचे ते स्पिरिटने वा ताज्या ब्रेक ऑइलने, रॉकेल-पेट्रोलने कदापि नाही, कारण त्याने रबर फुगते. मग करंगळी आत फिरवून आणि सिलिंडर उजेडाकडे धरून खरा निवाडा होतो: डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने जाईल, नखाला खड्डा लागला तर लेथवर नेऊन स्लीव्ह बसवावी लागेल, अन्यथा भंगार. रबरी कपांची नवी किट ब्रेक ऑइलात भिजवून, कपाची कड दाबाच्या दिशेला ठेवून बसवायची. टाकीतून ऑइल उतरण्याचे बारीक छिद्र तारेने मोकळे करायचे, कारण ते बुजले की ब्रेक लागलेलेच राहतात. शेवटी पोऱ्यास आत बसवून ‘पंप मार, दाबून धर’ असा पुकारा करीत, लांबच्या चाकापासून आरंभ करून, बाटलीत बुडबुडा येईनासा होईतो हवा काढायची.

1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन ठाण्यास वागळे इस्टेट आणि त्यामागोमाग डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. लेथ हाकेच्या अंतरावर आले. नव्वदच्या दशकात तर प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यातच फ्रेंच कंपनीची पूजो 309 ही मोटार बनू लागली. पण 1997 मध्ये ती कंपनी निघून गेली आणि गावातच जन्मलेल्या या गाडीचे मालक सुट्या भागांसाठी वणवण करू लागले. टंचाईचे ते शेवटचे मोठे प्रकरण. आज बहुतेक गाड्यांना तयार सिलिंडर मिळतो, आणि किट टाकण्याऐवजी तो अख्खा बदलण्याकडेच मिस्त्रीचा कल असतो.

यात कलेची हानी झाली हे खरे. तथापि जुन्या काटकसरीचे सरसकट गोडवे गाणेही न्याय्य नव्हे, कारण खड्डा पडलेल्या सिलिंडरात नवा कप बसवून घाटात गाडी उतरविणे हे तेव्हाही अविचाराचेच होते. जपून ठेवण्यासारखी गोष्ट आहे ती तो निवाडा करणारे बोट. यास्तव वाचकांस एवढेच सांगणे की, टाकीतील ऑइल वरचेवर कमी होत असेल तर भर घालून वेळ निभावू नये, कारण शोधावे. आणि तेही घाटाची वाट धरण्यापूर्वी.