जुन्या छायाचित्रांतली ओस मुंबई

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काढलेली मुंबईची छायाचित्रे पाहू लागलो, की पहिली शंका मनात येते ती ही, की माणसे गेली कुठे? इमारती भक्कम उभ्या आहेत, कमानी मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत आणि रस्ता मात्र ओस! 1864 च्या शिरगणतीत याच शहरात आठ लाखांहून अधिक माणसे भरली होती.

उत्तर रसायनात आहे. 1851 मध्ये आर्चर नावाच्या इंग्रजाने काचेवर कलोडियनचा लेप देण्याची रीत प्रसिद्ध केली. लेप ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि तो वाळण्यापूर्वी काच धुऊन काढायची. म्हणून काळोखी तंबू बरोबर न्यावा लागे. भिंगाचे झाकण कित्येक सेकंद उघडे राही. तेवढ्यात जो चालला तो पुसला गेला, जो उभा राहिला तो उरला. इमारत अर्थातच उभी राहते. शिवाय हा लेप निळ्या रंगाला हळवा आणि तांबड्याला जवळजवळ आंधळा. त्यामुळे आकाश कोरे पांढरे पडे आणि लाल कौले काळी. सर्व रंगांना जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या 1906 मध्ये.

आपल्या मुंबईने ही विद्या फार लवकर उचलली. 1854 मध्ये येथे छायाचित्रकारांची सभा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिचंद चिंतामण हे तिथे शिकून व्यावसायिक छायाचित्रकार झाले; डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांनीही या कलेत नाव मिळवले. जॉन्सन आणि हेंडरसन यांनी 1856 पासून चित्रांचा मासिक संग्रह काढला. फोर्टचा तट पाडण्याचे ठरले ते 1862 मध्ये. पाडापाडीपूर्वीच्या शहराचा काही अंश काचेवर राहिला, हा केवळ योगायोग.

आता खरी गंमत ऐका. याच जॉन्सनने 1863 व 1866 मध्ये मुंबईच्या रहिवाशांवर दोन खंड छापले. त्यांत रस्त्यावर, देवळापुढे, समुद्रकाठी निरनिराळ्या जातींची माणसे ऐटीत उभी दिसतात. ती तिथे नव्हतीच! त्यांना वेगळीकडे उभे करून त्यांचे चित्र घेतले आणि मग ते मुंबईच्या देखाव्यावर जोडले. कॅमेऱ्याने रस्त्यावरून माणसे पुसली आणि चित्रकाराने ती कात्रीने परत आणली. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण सहज म्हणतो. मला तो भाबडेपणा वाटतो. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी चित्राचीही घेतली पाहिजे.

हे सामान घेऊन चालणे म्हणजे हमालांचा तांडाच. साहजिकच कॅमेरा गेला तो मुख्यतः जिथे पोचता येई आणि जिथल्या चित्रांना गिऱ्हाईक असे तिथे. खाडीपलीकडच्या गोराईसारख्या गावाकडे कोण वळणार? आज मात्र बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली, की खिशातल्या फोनवरही तेच काम होते. तिथल्या गावठाणात फिरताना रंग काढून टाकून पाहा. ताज्या रंगाखाली जुने घर नवे भासते. काळ्या-पांढऱ्यात भिंतीची जाडी, ओटी, वळचणीची सावली आणि गिलाव्याला गेलेले तडे पुढे येतात. छप्पर नीट पाहा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये निघाला; म्हणून ती कौले दिसली तर निदान ते छप्पर त्यानंतरचे. नळीची कौले असतील तर मात्र घाई करू नये, कारण ती पुढेही वापरात होती.

चित्रामागे गल्ली, दिशा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. रंग मुद्दाम काढला हेही लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणीतरी ते चित्र शंभर वर्षे मागे ढकलेल. आणि ओटीवर कोणी मासळी निवडत बसले असेल, तर त्यांना विचारून त्यांनाही चौकटीत घ्या. आता झाकण उघडे धरून बसावे लागत नाही. हलणारा हातही चित्रात उरतो.