अंगठ्याच्या मुळाचा संधिवात: शस्त्रक्रिया कधी करावी आणि नंतर काय काळजी घ्यावी?

बरणीचे झाकण उघडताना, कुलपात किल्ली फिरवताना किंवा कपडे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते का? पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तिथल्या सांध्याची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस. हा सांधा खोगिरासारखा असतो, म्हणूनच अंगठा सर्व दिशांना फिरतो. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या कितीतरी पट भार या छोट्याशा सांध्यावर येतो. वर्षानुवर्षे हा भार सोसून हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागते.

एक्स-रे पाहून घाबरू नका

एक्स-रेमध्ये सांधा पूर्ण झिजलेला दिसूनही काहींना फारसे दुखत नाही, तर थोडीशी झीज असूनही काहींना रात्री झोप लागत नाही. त्यामुळे निर्णय केवळ एक्स-रेवर घेऊ नये. तुमच्या हाताला रोजची कोणती कामे जमत नाहीत, हे जास्त महत्त्वाचे. या आजारात शस्त्रक्रियेची घाई नसते. थोडे थांबल्याने साधारणपणे पुढची शस्त्रक्रिया अवघड होत नाही.

मात्र बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर मनगटातील नस दबलेली असू शकते. त्याची तपासणी लांबवू नका. अनेक सांधे सुजत असतील आणि सकाळी बराच वेळ आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

आधी हे मनापासून करून पाहा

- अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट काम करताना वापरा. चार दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे द्यावे लागतात.
- वेदनाशामक जेल दुखऱ्या जागी लावा. पोटात घ्यायच्या गोळ्या मनाने सुरू ठेवू नका. मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो.
- हँड थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या.
- कामाची पद्धत बदला. जाड मुठीची सुरी घ्या, कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवा, जड कढई दोन्ही हातांनी उचला.
- सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काहींना काही आठवडे ते महिने आराम मिळतो. पण त्यानंतर लगेच शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून मध्ये साधारण तीन महिने जाऊ देतात.

शस्त्रक्रियेचा विचार कधी करावा?

हे सगळे किमान तीन ते सहा महिने करूनही झोपमोड होत असेल, पोळ्या लाटणे, लिहिणे, बटणे लावणे यांसारखी कामे सुटत चालली असतील, तर हाताच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनचा सल्ला घ्या.

सर्वाधिक प्रचलित शस्त्रक्रियेत सांध्यातील ट्रॅपेझियम हे लहान हाड काढतात. ही पद्धत १९४९ पासून ज्ञात आहे. काही सर्जन रिकाम्या जागी तुमच्याच स्नायूची शीर, म्हणजे टेंडन, वापरून अंगठ्याला आधार देतात. मात्र नुसते हाड काढण्यापेक्षा त्याने जास्त फायदा होतो, असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. तरुण, जड कामे करणाऱ्यांमध्ये कधी सांधा कायमचा जोडून टाकतात. त्याने पकड मजबूत राहते, पण तळहात टेबलावर सपाट टेकवणे अवघड होते. काही ठिकाणी कृत्रिम सांधाही बसवतात.

शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू दुखणे कमी करणे हा आहे. हात पुन्हा विशीतल्यासारखा होत नाही. व्रणाजवळ बधिरपणा, जंतुसंसर्ग, दीर्घकाळ राहणारी सूज व वेदना हे धोके सर्जनला आधीच विचारून घ्या.

आधीची तयारी

मधुमेह आटोक्यात आणा, तंबाखू व धूम्रपान बंद करा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा आमवाताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. उजवा हात काही आठवडे कामाचा नाही, असे धरून घरातली व्यवस्था लावा: स्वयंपाक कोण करणार, अंघोळीला मदत कोण करणार? दोन्ही हातांची शस्त्रक्रिया एकदम करू नका.

नंतरचे टप्पे

- पहिले दोन आठवडे: हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवा, पट्टी कोरडी ठेवा. मोकळी बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात.
- चार ते सहा आठवड्यांपर्यंत: प्लॅस्टर किंवा स्प्लिंट. त्यानंतर व्यायाम सुरू होतात.
- सहा आठवडे ते तीन महिने: चहाचा कप उचलणे, जेवणे अशी हलकी कामे. वाहन चालवायचे ते सर्जनच्या परवानगीनेच.
- तीन महिन्यांनंतर: कणीक मळणे, बादली उचलणे अशी जड कामे हळूहळू. चिमटीतली ताकद भरून यायला सहा महिने ते वर्ष लागू शकते.

दुसऱ्या महिन्यात हात दुखतोय म्हणून शस्त्रक्रिया फसली असे समजू नका, आणि बरे वाटले म्हणून व्यायामही सोडू नका.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

ताप येणे, जखमेतून पू येणे, लाली पसरणे, बोटे निळी, थंड किंवा बधिर पडणे, प्लॅस्टर असह्य आवळल्यासारखे वाटणे, गोळ्या घेऊनही वेदना वाढत जाणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.