राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्य तपासणी व मोफत उपचार करणारा केंद्र शासनाचा कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर (तेव्हाचा ठाणे जिल्हा) येथे त्याचा प्रारंभ झाला. जन्मजात दोष, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढ-विकासातील विलंब या चार गटांत तपासणी होते. दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष, एक महिला), परिचारिका व औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देते.

पथक मुलांची उंची व वजन मोजते. दात, त्वचा, कान तपासते. ठरावीक अंतरावरून तक्ता वाचायला लावून दृष्टी पाहते. हृदयाचे ठोके ऐकते. गरजू मुलांना ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात, तसेच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. दुभंगलेले ओठ, जन्मजात हृदयविकार यांवरील शस्त्रक्रियाही मोफत होतात.

फळ्यावरचे न दिसणारे, कमी ऐकू येणारे किंवा रक्तक्षयाने लवकर थकणारे मूल अनेकदा ‘ढ’ ठरवले जाते. वेळीच मिळालेला चष्मा, श्रवणयंत्र वा लोहाच्या गोळ्या त्याचे शिक्षण सावरतात. म्हणून तपासणीनंतरचा पाठपुरावा सर्वांत महत्त्वाचा. त्यात शिक्षक व पालकांचा वाटा मोठा आहे.